सेंटरची हमाली

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय. त्यामुळे ही पोस्ट जरा तापलेली निघणार, आधीच सांगून ठेवतो. नेहमीचं हापिसपुराण वाचायला आलेल्यांनी पुढच्या शनिवारी यावं.

झालं असं, की मंगळवारी रात्री आमच्या आइस हॉकी टीमच्या कॅप्टनचा मेल आला. (हो, आइस हॉकी. हो, मी खेळतो. हसून झालं असेल तर पुढे वाचा.) नवीन सीझनची टीम ठरवायची होती. मेलला एक एक्सेल शीट जोडलेली. नाव, मॅचेस, गोल, पास. आणि खाली एक ओळ: आपल्या सेंटरने अख्ख्या सीझनमध्ये दोनच गोल केलेत, तेव्हा त्याच्या जागी गोल करणारा माणूस बघू या. गोल करणारा माणूस म्हणजे कसा, हे कळावं म्हणून शीटमध्ये एका ओळीला पिवळा रंग मारलेला. ती ओळ कुणाची? अस्मादिकांची. लेफ्ट विंग, नऊ गोल. आणि शेवटी प्रश्न, की पुढच्या सीझनला तू सेंटरला खेळशील का?

दोन वर्षांपूर्वी हा मेल आला असता तर मी आईला फोन करून पेढे वाटायला सांगितले असते. मंगळवारी मात्र वाचून लाज वाटली. कारण त्या नऊपैकी निदान सहा गोल असे आहेत, की मी फक्त स्टिक बर्फावर टेकवून उभा होतो आणि त्या 'दोनच गोल'वाल्या माणसाने पक आणून माझ्या स्टिकवर ठेवला. अक्षरशः ठेवला. जेवायला वाढतात तसा.

तर आजचा मुद्दा एकच. आइस हॉकीत गोलकीपर सोडला तर सेंटरइतकं चौफेर काम कुणालाच नसतं, आणि ते काम गोल मोजून मोजणारे लोक (आमच्या कॅप्टनसकट) शुद्ध गाढवपणा करतात.

आता ज्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे हॉकी म्हणजे ध्यानचंद, नाहीतर आमच्या खडकीचा धनराज पिल्ले. मी प्रोजेक्टसाठी तीन वर्षांपूर्वी पुण्याहून डेट्रॉइटजवळ आलो, आणि इकडे हॉकी म्हटलं की बर्फच. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद, चहूबाजूंनी भिंत. एका वेळी टीमचे सहा जण आत: एक गोलकीपर, दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड. फॉरवर्डमध्ये दोन बाजूंना दोन विंगर आणि मधे सेंटर. वरच्या लेव्हलला एक जण साधारण पाऊण मिनिट जीव खाऊन पळतो, बाहेर येतो, दुसरा आत जातो. याला शिफ्ट म्हणतात. आम्ही हौशी लोक दीड मिनिट रेंगाळतो, ते सोडा.

गफलत होते ती 'सेंटर' या शब्दापाशी. ध्यानचंद सेंटर फॉरवर्ड होते, आणि सेंटर फॉरवर्डने गोल करायचे हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आइस हॉकीतला सेंटर तसा नाही. जुन्या हॉकीतला सेंटर फॉरवर्ड आणि सेंटर हाफ एकाच माणसाच्या कातडीत कोंबले, तर जे काही तयार होईल ते म्हणजे हा प्राणी.

विंगरचं काम सोपं आहे असं मी म्हणत नाहीये. दोन वर्षं तेच करतोय. पक आपल्या गोलजवळ असताना विंगरने वर, ब्लू लाइनच्या आसपास उभ्या असलेल्या समोरच्या डिफेन्समनवर नजर ठेवायची. तो शॉट मारणार असेल तर आडवं जायचं. (मांडीवर पडलेला तो काळानिळा डाग मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलेला नाही.) मग आपल्या लोकांनी पक मिळवला की भिंतीलगत पास घ्यायचा, आणि तेवढ्यात अंगावर येणाऱ्या नव्वद किलोच्या गड्याला चुकवून तो बाहेर काढायचा. मार खायचं काम आहे. पण हद्द ठरलेली आहे. माझी बाजू डावी. एका अंगाला भिंत आहे, ती पाठीत खंजीर खुपसत नाही. आणि मी चुकलो तर निस्तरायला मागे कुणीतरी असतं.

ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा सेंटर. हे मला जानेवारीतल्या एका रात्री कळलं.

आमचा सेंटर शेहेचाळीस वर्षांचा आहे आणि पेशाने प्लंबर. मिशिगनच्या थंडीत घरोघरी पाइप फुटतात, त्यामुळे जानेवारीत कधी कधी त्याला ऐन वेळी कामावर पळावं लागतं. त्या रात्री तसंच झालं. मॅच पावणेअकराची, त्याचा मेसेज दहाला. मी म्हटलं, मी खेळतो सेंटर, त्यात काय एवढं? फक्त मधे उभं राहायचं.

पहिल्याच मिनिटाला पक आमच्या कोपऱ्यात. एरवी मी वर ब्लू लाइनपाशी असतो. आता मात्र खाली, आमच्या गोलच्या तोंडाशी. एक डिफेन्समन कोपऱ्यात भिडला, दुसरा गोलसमोर. आणि तिसरा? तिसरा मी. कोपऱ्यात मदतीला जायचं, की गोलसमोर सुटा उभा असलेला त्यांचा माणूस धरायचा, हे मलाच ठरवायचं. विंगरला आपला माणूस साधारण माहीत असतो. सेंटरचा माणूस दर दोन सेकंदांना बदलतो, आणि तो पाठीमागे पण असू शकतो. मान फिरवून फिरवून अवघडली.

बरं, पक मिळाला एकदाचा. आमचा डिफेन्समन गोलच्या मागे तो घेऊन उभा, मान वर करून बघतोय. कुणाकडे? माझ्याकडे. मी खाली त्याच्याजवळ जाऊन, वळसा घेऊन, वेग न सोडता मधोमध पास घ्यायचा. आणि इथे गंमत आहे बरं का. विंगरच्या हातून पक सुटला तर तो भिंतीलगत सुटतो. सेंटरच्या हातून तिथे सुटला तर तो आपल्याच गोलच्या समोर सुटतो. माझ्या हातून सुटला. ठ्यां. एक-शून्य.

त्यानंतर शंभर-सव्वाशे फूट वर पळायचं, कारण विंगर पुढे गेलेत आणि मी तिथे पोचलो नाही तर पास द्यायला मधे कुणीच नाही. पोचलो, तेवढ्यात पक त्यांच्याकडे गेला. आता तेवढंच अंतर उलटं. विंगरलाही परत यावं लागतंच, पण तो आपल्या बाजूने ब्लू लाइनपर्यंत आला की बऱ्यापैकी भागतं. सेंटरला पार तळापर्यंत. चौथ्या शिफ्टला डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. दुसऱ्या पिरियडमध्ये मी खरं सांगायचं तर परत येणं सोडून दिलं. येतोय असं दाखवत नुसता घरंगळत यायचो. आम्ही सहा-एक हरलो, आणि त्यातले किमान दोन गोल मी जिथे असायला हवा होतो नेमक्या त्याच जागेवरून झाले.

आणि आता ऐका. सहा-एकमधला तो एक गोल कुणाचा? माझा! गोलसमोर पक पायाला लागून फुकट मिळालेला. कॅप्टनच्या शीटमध्ये बघितलं तर त्या रात्री टीममधला सगळ्यात भारी खेळाडू मीच. मॅच घालवणारा पण मीच, पण त्याला कॉलम नाही.

फेसऑफबद्दल तर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. खेळ थांबला की तो दोघांमध्ये पक टाकून परत सुरू होतो, आणि हे दोघे म्हणजे बहुतेक वेळा दोन्हीकडचे सेंटर. एनएचएलच्या एका मॅचमध्ये हे पन्नासच्या वर वेळा होतं. दिसायला टॉस उडवल्यासारखं दिसतं, असतं मात्र कुस्तीसारखं. कंबर खाली, खालचा हात स्टिकवर उलटा धरलेला, नजर लाइन्समनच्या हातावर. जरा घाई केली की लाइन्समन हाकलतो आणि विंगरला यावं लागतं. शिवाय नियमसुद्धा बचाव करणाऱ्याच्या बाजूने नाहीत. २०१५ पासून एनएचएलमध्ये आपल्या गोलजवळच्या फेसऑफला बचाव करणाऱ्याने स्टिक आधी टेकवायची, म्हणजे समोरचा तुमचा पवित्रा बघून आपला ठरवणार. 'आयसिंग' झालं, म्हणजे दमून तुम्ही पक नुसताच लांब भिरकावून दिला, तर २००५ पासून त्या टीमला माणसं बदलता येत नाहीत. आणि २०१९ पासून तो फेसऑफ डावीकडे घ्यायचा की उजवीकडे, हेसुद्धा समोरची टीम ठरवते. चित्र डोळ्यांसमोर आणा. तुम्ही मिनिटभर पळून जीभ बाहेर काढलेली, समोर ताजातवाना गडी, जागा त्याच्या पसंतीची, स्टिक तुम्ही आधी टेकवायची. हरलात तर थेट गोलवर शॉट. त्या वेळी विंगर काय करतो? कडेला उभा राहून श्वास घेतो. मी स्वतः घेतलाय.

आता नेहमीचे आक्षेप. हापिसच्या कॅन्टीनमध्ये सगळे ऐकून झालेत.

पहिला: सगळ्यात अवघड गोलकीपरचं. मान्य. पण गोलकीपर हा वेगळाच खेळ खेळत असतो, तो फक्त शेजारी चालू असतो. बर्फावर पळणाऱ्या पाच जणांत त्याची तुलना कशाला?

दुसरा: डिफेन्समन जास्त मिनिटं खेळतात आणि उलटं पळतात. हेही खरं, आणि पाचांत सेंटरच्या जवळ कुणी येत असेल तर तेच. वरच्या लेव्हलचा पहिला डिफेन्समन मॅचला पंचवीस मिनिटं सहज खेळतो. पण त्याला पुढे जाणं बहुतांशी ऐच्छिक आहे आणि मागे राहणं सक्तीचं. सेंटरला दोन्ही सक्तीचं. विकेटकीपरने पन्नास ओव्हर उठाबशा काढून वर ओपनिंगलाही जायचं, आणि मग लोकांनी विचारायचं की सेंच्युरी का नाही मारली, तसलं हे.

तिसरा आणि सगळ्यात मोठा: शेवटी मॅच गोलांनी जिंकतात, आणि गोल विंगर मारतात. ओवेच्किनचं बघ! बघितलं ना. ६ एप्रिल २०२५ ला अलेक्झांडर ओवेच्किनने ८९५ वा गोल मारून वेन ग्रेट्झकीचा ८९४ चा विक्रम मोडला. डाव्या विंगचा माणूस, मीही डाव्या विंगचा, मी तर घरात नाचलो. पण त्याच्या गोलांना सगळ्यात जास्त वेळा पास कुणी दिला ते बघा. निकलस बॅकस्ट्रॉम, सेंटर. आणि ज्याचा विक्रम मोडला तो ग्रेट्झकी कोण होता? सेंटर. त्याने दुसऱ्यांच्या गोलांना दिलेले पास १९६३. हा आकडा इतका अचाट आहे, की त्याच्या सगळ्या गोलांवर पाणी सोडलं तरी नुसत्या पासांच्या जोरावर तो इतर कुणाच्याही गोल अधिक पास या एकूण बेरजेच्या पुढे राहतो.

"पण मग आकडेच मोजतोयस की तूसुद्धा!" बरोबर. म्हणून आता आकड्यांतून न दिसणारं घेऊ. त्यासाठी एक उदाहरण पुरेसं आहे. क्लॉड जिरू, फिलाडेल्फियाचा सेंटर आणि कॅप्टन. २०१६-१७ मध्ये त्याचे गोल १४ आणि एकूण पॉइंट ५८. लोक म्हणाले, संपला. पुढच्या सीझनला त्याला सेंटरवरून लेफ्ट विंगला हलवलं. गोल ३४, पॉइंट १०२, आयुष्यातला सर्वोत्तम सीझन, तोही तिशीत! मधल्या काळात तो ऑपरेशनमधून सावरला होता हे खरं, तेही धरा हवं तर. पण माणूस तोच, टीम तीच, फक्त पाठीवरचं ओझं उतरवलं. ते ओझं हवेत विरलं नाही. ते शॉन कुटुरिए नावाच्या सेंटरने उचललं आणि त्या वर्षी बचाव करणाऱ्या सर्वोत्तम फॉरवर्डच्या निवडीत तो दुसरा आला.

तीच सेल्की ट्रॉफी. १९७८ पासून दिली जाते. पहिली चारही वर्षं बॉब गेनीला मिळाली आणि तो विंगर होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण २००३ मध्ये येरे लेहतिनेनला मिळाल्यानंतर २०२५ पर्यंत ती एकाही विंगरच्या हाती लागलेली नाही. पॅट्रिस बर्जरॉनला सहा वेळा, अलेक्सांडर बार्कोव्हला तीन वेळा, दोघेही सेंटर. विंगर काय आळशी झाले? नाही. ते काम ज्या जागेवर असतं, त्या जागेवर ते उभे नसतात.

आणि आमच्या गावचं उदाहरण दिल्याशिवाय मी कसा राहीन. स्टीव्ह आयझरमन. १९८८-८९ मध्ये ६५ गोल, १५५ पॉइंट. कप? शून्य. १९९३ मध्ये स्कॉटी बोमन कोच म्हणून आला आणि त्याने या हुकमी गोलवाल्याला आधी बचाव कर म्हणून सांगितलं. १९९६-९७ मध्ये आयझरमनचे गोल अवघे २२. (वय वाढलं होतं, लीगमध्येच गोल कमी झाले होते, सगळं धरून.) त्या वर्षी डेट्रॉइटने ४२ वर्षांनी स्टॅन्ली कप जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २००२ मध्ये तिसऱ्यांदा. आमच्या कॅप्टनची एक्सेल शीट १९९७ मध्ये असती तर त्याने आयझरमनला काढून टाकलं असतं. आणि हा कॅप्टन आयझरमनची जर्सी घालून मॅचला येतो! काय बोलणार?

चौथा आक्षेप पैशाचा. २०२५ मध्ये मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हने आठ वर्षांचा १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला, एनएचएलमधला तोवरचा सगळ्यात मोठा. तो विंगर आहे. मग? अहो, किंमत दुर्मीळ गोष्टीला मिळते आणि गोल दुर्मीळ असतात. त्याच्याशी मला भांडायचंच नाही. काम किती महाग आणि काम किती अवघड, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हापिसात काम करणाऱ्यांना हे मी समजावून सांगायला नको :)

एक गोष्ट मात्र विरोधकांना देऊन टाकतो. हल्ली बऱ्याच टीम्समध्ये जो फॉरवर्ड आधी परत येईल त्याने खालची जागा घ्यायची, मग तो सेंटर असो की विंगर. म्हणजे रेषा पुसट होतायत. पण नीट बघा, यातून काय सिद्ध होतं? ती खालची जागा कुणीतरी भरावीच लागते, आणि जो भरतो तो तेवढ्यापुरता सेंटर होतो. मोठमोठ्या टीम्स सेंटर गोळा करून त्यांना विंगवर खेळवतात ते यासाठीच. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये कॅनडाने जोनाथन टेव्हजच्या बाजूला जेफ कार्टरला, म्हणजे मुळातल्या एका सेंटरला, विंगवर खेळवलं आणि सुवर्णपदक नेलं. सेंटर विंगला जातो तेव्हा त्याचं काम कमी होतं. विंगर सेंटरला जातो तेव्हा काय होतं, ते मी जानेवारीत करून दाखवलंय.

आमच्या रिंकवर कॅमेरा आहे, मॅचचं रेकॉर्डिंग मिळतं. बुधवारी रात्री मी जुन्या तीन मॅचेस परत बघितल्या, पण या वेळी पकवर नजर न ठेवता फक्त त्या प्लंबरवर ठेवली. करून बघा कधी तुम्हीही, कुठल्याही मॅचमध्ये. आम्ही हल्ला करतोय आणि आमचा डिफेन्समन उगाच पुढे गेलाय, तर हा गुपचूप त्याच्या जागी मागे. आमच्या कोपऱ्यात मारामारी चाललीय, तर हा बरोबर दोन हात अंतरावर, पक सुटेल तिथे. मी भिंतीपाशी अडकलोय, तर हा मधे येऊन स्टिक आपटून दाखवतोय, की मी इथे आहे, सोड. आणि गोल झाल्यावर सगळे माझ्या डोक्यावर टपल्या मारतायत, तेव्हा हा वाकून, गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत बेंचकडे निघालाय. दोन वर्षांत मला हे एकदाही दिसलं नव्हतं. मी टपल्या खाण्यात मग्न.

आपल्या धंद्यातही असा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. रिलीजच्या रात्री चार टीम्सचे तुकडे जोडत बसलेला. अप्रेझलला त्याच्या नावापुढे काही नसतं, कारण जे बिघडलं नाही त्याचं तिकीट कुणी उघडत नाही. तो सोडून गेला की महिन्याभरात पब्लिकला कळतं. पण हापिसात निदान पोटाचा प्रश्न असतो म्हणून लोक गप्प बसतात. आमची तर हौशी टीम, पदरचे पैसे भरून खेळणारी. इथेही एक्सेल?

काल कॅप्टनला उत्तर पाठवलं. लिहिलं, की सेंटर मी खेळणार नाही, कारण मला ते येत नाही. शीटमधला पिवळा रंग पुसून टाक. आणि एक माणूस कमीच करायचा असेल तर विंगर कमी कर, माझ्यासारखे या लीगमध्ये पैशाला पासरी आहेत. त्याच्यासारखा दुसरा शोधून दाखव. जानेवारीतल्या त्या मॅचचं रेकॉर्डिंगही जोडलं, माझ्या गोलसकट.

अजून उत्तर आलेलं नाही. कदाचित मलाच नारळ मिळेल. मिळाला तर दर शुक्रवारी रात्री घरी बसून पोस्टी टाकेन, तुमची शिक्षा.

असो. त्या प्लंबरला यातलं काही सांगितलेलं नाही. त्याचा आजच मेसेज आला, की येत्या शुक्रवारी जरा लवकर ये, तुला फेसऑफला हात कसा धरायचा ते दाखवतो. तुला कधीतरी लागेल.